उत्सव आणि दप्तर

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. ते अवघे अडीच वर्षांचे असताना कुटुंब बैलगाडीने कोल्हापुराकडे निघाले होते. रात्रीची वेळ, गाडीतील माणसे झोपेच्या अधीन झालेली. अशात एका हिसक्यासरशी मूल गाडीबाहेर पडले आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. सुदैवाने त्यांचे विठूकाका घोड्यावरून मागाहून येत होते. अंधारात मुलाची हाक ऐकून ते थांबले आणि त्यांनी त्यास उचलून घेतले. रानड्यांच्या चरित्रांतून ही हकीकत आवर्जून सांगितली जाते. पूर्वजांचा वारसा जतन करण्याचे कार्य बऱ्याच अंशी ह्या काकांच्या कार्यासारखेच आहे. समाजाची गाडी पुढे जावयाची, ती थांबावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्यातून काय निसटले हे पाहत मागून येणारा कोणीतरी असावा लागतो.

हे मागून येण्याचे काम महाराष्ट्रात गेली शंभराहून अधिक वर्षे इतिहासमंडळांनी केले आहे. अशा मंडळाच्या कार्याची दोन अंगे असतात. पहिले अंग लोकांच्या डोळ्यांपुढे असते. वर्षातून ठरलेल्या दिवशी संमेलन, पुण्यतिथी वा जयंती, व्याख्याने, जुन्या वस्तूंचे प्रदर्शन, एखाद्या गडावरील वा मंदिरातील मेळावा, असा तो थाट असतो. दुसरे अंग बंद खोलीत चालते. तेथे कागद झाडणे, लावणे, वाचणे, नकला करणे आणि बासनात बांधून ठेवणे हा क्रम वर्षानुवर्षे चालू असतो. पुष्कळ सुशिक्षितांची अशी समजूत असते की, पहिले अंग केवळ हौसेचे आणि दुसरे तेवढे खऱ्या विद्वत्तेचे. उलटपक्षी सामान्य माणसास वाटते की, उत्सवाने गावाला शोभा येते. वाळवी लागलेल्या कागदांनी काय साधावयाचे? ह्या दोन्ही समजुती एकांगी आहेत. उत्सव आणि दप्तर ह्यांचा संबंध किती जवळचा आहे, हे पाहावयाचे तर निफाडच्या ह्या सुपुत्रापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. कारण महाराष्ट्रात ह्या दोन्ही अंगांची पेरणी करणाऱ्यांत रानडे अग्रभागी होते.

प्रथम दप्तराची बाजू पाहू. मराठ्यांचा इतिहास म्हणून शिकलेल्या पिढीच्या हाती बराच काळ ग्रँट डफ ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1826 साली प्रसिद्ध केलेला ग्रंथच होता. मराठी सत्तेचा उदय हा लुटारूंच्या साहसाचा व अनुकूल योगायोगाचा परिणाम नसून, संतांच्या उपदेशाने व लोकांच्या अंतःकरणात झालेल्या जागृतीने घडून आलेली ती राष्ट्रीय घटना होती, हे मत रानड्यांनी 1900 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडले. हे मत केवळ अभिमानाने टिकणारे नव्हते. त्यास पुरावा हवा होता. पुण्यास सरकारी पेशवे दप्तरात मराठी राज्यकारभाराचे कागद रुमालांत बांधून पडलेले होते. त्यांतील रोजकीर्दींचे जे वेचे रावबहादूर गणेश चिमणाजी वाड ह्यांनी निवडले, त्यांचे महत्त्व रानड्यांनी ओळखले. ह्या रोजकीर्दींवरील त्यांचा निबंध त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वातला. लढाया व तह ह्यांपलीकडे जाऊन वसुली, न्याय, जकात, दानधर्म, गावगाडा ह्यांची माहिती देणारा कागद हाच लोकांच्या इतिहासाचा आधार होय, ही दृष्टी त्यातून स्पष्ट होते. 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचे निधन झाले. वाडांचे ते वेचे पुढे ज्या डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटीने छापून काढले, तिच्या स्थापनेतही रानड्यांचाच पुढाकार होता.

आता दुसरी बाजू. लोकांनी ठरावीक काळी एकत्र जमावे, ऐकावे, वाद करावा आणि काही निश्चय करून घरी जावे, ह्या पद्धतीवर रानड्यांचा फार विश्वास होता. 1875 सालापासून मानली जाणारी पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यांच्याच प्रेरणेची. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि रानडे ह्यांच्या पुढाकाराने 11 मे 1878 रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले आणि त्यातूनच पुढे मराठी साहित्य संमेलनाची परंपरा उभी राहिली. त्याच वर्षी त्यांची बदली नाशिकास झाली व पुढल्या वर्षी धुळ्यास. नाशिकच्या गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला पुष्कळ मागाहूनची असली, तरी सायंकाळी नदीकाठी बसून विचार ऐकण्याचा जो प्रघात तिने पिढ्यान्‌पिढ्या चालविला, तो ह्याच वळणाचा आहे.

अशा रीतीने सभा आणि कागद ही दोन्ही साधने रानड्यांच्या पिढीने तयार करून ठेविली होती. ती एका संस्थेत एकत्र आणण्याचे श्रेय मात्र विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचे. राजवाडे हे वृत्तीने रानड्यांहून अगदी निराळे. सरकारी दप्तराची दारे उघडण्याची वाट न पाहता ते स्वतः गावोगाव हिंडू लागले. वाई येथे एका जुन्या वाड्यात त्यांना कागदांचा मोठा साठा हाती लागला आणि त्याच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. ह्या खंडातील पत्रे 1750 ते 1761 ह्या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातील आहेत. पुढे ह्या मालेचे बावीस खंड झाले. कागद मिळविण्यासाठी राजवाड्यांनी ज्या खस्ता खाल्ल्या, त्यांवरून एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली असली पाहिजे. वाडेवाल्याचा विश्वास बसल्याखेरीज माळ्यावरचे बासन खाली येत नाही, आणि एकटा मनुष्य कितीही तपस्वी असला तरी साऱ्या महाराष्ट्राचा विश्वास त्यास एकट्याने संपादन करता येत नाही.

7 जुलै 1910 रोजी राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पदरी द्रव्य नाही, सरकारचा आश्रय नाही, अशी ही संस्था सभांच्या बळावर उभी राहिली. ठरावीक मुदतीने सभा भरावयाची; तीत सभासदाने नवा सापडलेला कागद, नाणे, ताम्रपट वा पोथी पुढे ठेवावयाची; ती कोठे व कशी मिळाली हे सांगावयाचे; आणि इतरांनी तिची चिकित्सा करावयाची. वर्षाअखेरीस संमेलन भरे. त्यात वर्षभराचे निबंध वाचले जात आणि ते सारे वार्षिक इतिवृत्त वा संमेलनवृत्त ह्या नावाने छापून निघत. 1920 सालापासून मंडळाचे त्रैमासिकही निघू लागले. दत्तो वामन पोतदार व गणेश हरी खरे ह्यांच्यासारख्या माणसांनी आपले उभे आयुष्य ह्या मंडळाच्या कामी वेचले. आज मंडळाच्या संग्रहात लाखो कागद व हजारो हस्तलिखिते आहेत, आणि ह्यांतील पुष्कळसा भाग घराघरांतून आलेला आहे.

वार्षिक संमेलन म्हणजे केवळ भाषणांचा समारंभ अशी ज्यांची कल्पना असेल, त्यांनी मंडळाच्या चतुर्थ संमेलनाचे वृत्त आठवावे. 1916 साली निघालेल्या ह्या वृत्तात लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख हे शिवकालातील प्रसिद्ध घराणे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी ह्याच घराण्यातील कान्होजी जेधे आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांच्या बाजूस ठामपणे उभे राहिले होते. त्या घरात जपून ठेवलेली, शकांच्या क्रमाने घडामोडींच्या त्रोटक नोंदी देणारी ही शकावली टिळकांच्या हाती आली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिलेला होता. इंग्रजी कालगणनेप्रमाणे तो दिवस 19 फेब्रुवारी 1630 हा येतो. तोवर बखरींच्या आधारे शके 1549 तील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 1627 सालातील तिथी, सामान्यतः मानली जात असे.

ह्या प्रसंगाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. 1896 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा सार्वजनिक उत्सव ज्यांच्या चळवळीने सुरू झाला, तेच टिळक 1900 साली ‘केसरी’तून जन्मतिथीची चिकित्सा करीत होते, आणि तेच पुढे एका देशमुखाच्या घरातील कागद विद्वानांच्या संमेलनापुढे ठेवीत होते. रूढ तिथी बदलणे हे उत्सवाच्या पुढाऱ्यास सोयीचे खास नव्हते. ज्या दिवशी लोकांनी जमावे असे वाटते तो दिवसच संशयास्पद ठरविणे म्हणजे आपल्याच मंडपाचा खांब हलविणे होय. पण खरा दिवस हाती आला असता खोट्या दिवसाला चिकटून राहणे हा त्या थोर पुरुषाचा गौरव नव्हे, हा विवेक त्या पिढीने दाखविला. नव्या तिथीवर अर्थातच वाद झाला आणि तो व्हावयास हवाच होता. पुढे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य 1927 साली प्रकाशात आले. त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरकडे मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकाच्या म्हणण्यावर न विसंबता दूरदूरच्या तीन ठिकाणांहून आलेला पुरावा एकमेकांशी जुळला, तेव्हा अभ्यासकांची खात्री पटली. महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी. आज दरवर्षी ह्या दिवशी गावोगाव जे ध्वज उभारले जातात, त्यांच्या मुळाशी एका घराने जपलेला कागद आणि एका मंडळाचे वार्षिक संमेलन आहे, ह्याची जाणीव फारच थोड्यांना असते.

जेध्यांच्या घरी ते पुस्तक रद्दीत गेले असते तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. असंख्य घरांत तसेच घडले आहे. मोडी लिपी वाचणारे वडीलधारे गेले की, मागल्यांना त्या अक्षरांचा अर्थ लागत नाही. वाडा पडावयास आला की लाकूडफाटा विकला जातो आणि बासने ओझे होऊन बसतात. काही वाण्याच्या पुड्यांत गेली, काही श्रद्धेनेच नदीत विसर्जित झाली. ज्यांनी ती विसर्जित केली त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या दृष्टीने तो जीर्ण झालेल्या पवित्र वस्तूचा योग्य शेवट होता. त्या कागदाला कोणी विचारणारा आहे एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. हे सांगण्याचे काम वार्षिक उत्सव करतो. प्रदर्शनात शेजाऱ्याच्या घरची सनद काचेखाली मांडलेली पाहिली, म्हणजे मनुष्यास आपल्या माळ्याची आठवण होते.

कागद हाती आल्यावर त्याचे जतन हा स्वतंत्र विषय आहे. जुन्यांना ह्यातले पुष्कळ कळत होते. हातकागद चिवट, काजळीची शाई पाण्याखेरीज कशानेही न जाणारी, आणि पोथीच्या कापडी वेष्टनात वेखंड वा कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत. ह्या साध्या उपायांनी कित्येक पोथ्या शतकानुशतके टिकल्या. त्यांचे शत्रू म्हणजे कसर, वाळवी, ओल आणि अडाणी माणसाची दुरुस्ती. फाटका कागद खळीने जाड कागदावर चिकटविणे किंवा त्यावर पारदर्शक पट्टी लावणे म्हणजे त्यास आजच वाचवून उद्या मारणे होय. आता तज्ज्ञ लोक आम्लरहित वेष्टने व तलम जपानी कागद वापरतात, आणि केलेली दुरुस्ती पुन्हा सोडविता यावी असा नियम पाळतात. शिवाय कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवण्याची सोय झाल्यामुळे मूळ कागद घरमालकाकडेच राहूनही त्यातील मजकूर अभ्यासकांस मिळू शकतो. ‘आमचे कागद नेले ते परत आले नाहीत’ ही जुन्या घराण्यांची तक्रार जेथे जेथे खरी असेल, तेथे ह्या सोयीने विश्वास पुन्हा संपादन करता येण्यासारखा आहे.

वास्तूंच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. इंग्लंडात विल्यम मॉरिस ह्या कवीने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. जुनी वास्तू नवी करून दाखविण्याच्या हव्यासाने ती नष्ट होते. वेळच्या वेळी केलेली किरकोळ डागडुजी हेच खरे रक्षण, असे तिचे म्हणणे होते. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या मंदिरांवर तैलरंगाचे थर चढतात, दीपमाळांना फरशा बसविल्या जातात, आणि हे सारे वर्गणी काढून, भक्तिभावाने, उत्सवाच्याच निमित्ताने होते. म्हणजे दप्तराकडे पाठ फिरविलेला उत्सव प्रसंगी वारशाचा वैरीही होऊ शकतो. तेव्हा मंडळ असल्याने भागत नाही. त्यात जाणता मनुष्य असावा लागतो, आणि त्याचे ऐकण्याची सवय गावाला असावी लागते.

हे कार्य पुण्यासारख्या शहरीच होऊ शकते असा समज कोणी करून घेऊ नये. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 साली स्थापन झाले. ग्रंथांबरोबर पोथ्या व जुन्या वस्तू सांभाळण्याचे कामही त्याने केले आहे. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव ह्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी वाङ्‌मयाची हस्तलिखिते मठामठांतून जमविली. मतभेदांमुळे पुण्याचे मंडळ सोडलेल्या राजवाड्यांनी आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यातच घालविला. 31 डिसेंबर 1926 रोजी ते तेथेच वारले आणि लगेच पुढल्या वर्षी त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. एका तपस्व्याची दप्तरे बेवारशी होऊ द्यावयाची नाहीत, ह्या एका निर्धारातून एका जिल्ह्याच्या गावी संस्था जन्मास आली.

निफाड तालुक्यापुरते पाहिले तरी सामग्रीची उणीव नाही. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्यांच्या घराण्याच्या जहागिरीचे ठाणे. हे सरदार पानिपतच्या मोहिमेत होते. म्हणजे राजवाड्यांच्या पहिल्या खंडाचा जो काळ, तोच ह्या गावाच्या वैभवाचा काळ. चांदोरीस गोदावरीच्या पात्रातील जुनी मंदिरे पूर आला की पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरले की पुन्हा दिसू लागतात. त्यांची मापे, नकाशे व छायाचित्रे पाणी उतरलेले असतानाच घेऊन ठेवावी लागतील. नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे जे विस्तीर्ण जलस्थान झाले, त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. महाराष्ट्रात तो मान मिळविणारे हे पहिले स्थळ. लासलगावची कांद्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. पेशवाईतील जकातीच्या नोंदी आज जितक्या मोलाच्या वाटतात, तितक्याच मोलाची ह्या बाजारातील आडत्यांची जुनी वहीखाती उद्याच्या इतिहासकारास वाटतील. ती आज रद्दीच्या वाटेवर असतील, तर वाडेवाल्यांच्या हातून झालेली चूक व्यापारी पेठेत पुन्हा होईल.

अशा तालुक्यात इतिहासमंडळाचा वर्षक्रम कसा असावा, ह्याचा विचार करणे अवघड नाही. 18 जानेवारी हा रानड्यांचा जन्मदिवस तर ठरलेलाच आहे. त्या दिवशी केवळ तसबिरीस हार न घालता, वर्षभरात तालुक्यातून जे कागद, जी नाणी, जी छायाचित्रे उजेडात आली असतील त्यांचे प्रदर्शन मांडावे आणि प्रत्येकाचा वृत्तांत वाचावा. 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास नदीचे पाणी उतरलेले असते. तो काळ मंदिरांच्या पाहणीस योग्य. पावसाळ्यात बाहेरची कामे थांबली म्हणजे शाळेत मोडीचे वर्ग चालवावेत. महिनाभराच्या नियमित अभ्यासाने तरुण विद्यार्थ्यास ओळी लागू लागतात. नोव्हेंबरात वारसा सप्ताह येतो. तेव्हा जुन्या वाड्यांचे व बारवांचे मोजमाप करावे. आणि वर्षाअखेरीस, पाने थोडी असली तरी चालतील, एक इतिवृत्त छापावे. त्यात काय मिळाले हे जसे लिहावे, तसेच काय हातचे गेले हेही लिहावे. छापलेली ओळ राहते. व्यासपीठावर बोललेले वाऱ्यावर जाते. 1916 सालचे ते संमेलनवृत्त छापले गेले नसते, तर टिळकांच्या हातची शकावली पुन्हा कोठल्या कपाटात गेली असती, हे सांगता येत नाही.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत शिवनेरी व रायगड तर आहेतच, पण नाशिक जिल्ह्यातील साल्हेरही आहे. हा गौरव मोठा खरा. परंतु जगाने मान्यता दिलेल्या स्थळांची काळजी घेण्यास सरकारे व तज्ज्ञ आहेत. ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत ती बासने, ते शिलालेख, त्या बारवा आणि ती वहीखाती सर्वस्वी गावाच्या हवाली आहेत. निफाडच्या रस्त्यावरून त्या रात्री गाडी हाकणाऱ्यांचे मुलावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना फक्त कळले नव्हते. मागून येणाऱ्याने हाक ऐकली, म्हणून महाराष्ट्रास रानडे लाभले. येत्या 18 जानेवारीस निफाड तालुक्यातील एखाद्या घरचे जरी बासन माळ्यावरून खाली आले आणि जाणत्याच्या डोळ्यांखालून गेले, तरी तो जन्मदिवस खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.